कारखानदाराचे राज्य आणि बेटाची मर्यादा

ज्याला कारखाना नीट चालविता येतो त्याला राज्यही नीट चालविता येईल, अशी एक समजूत अनेक देशांतील सुशिक्षित मध्यमवर्गात खोलवर रुजलेली आहे. राजकारणी मंडळींच्या कारभाराला विटलेला माणूस एखाद्या यशस्वी उद्योगपतीकडे आशेने पाहू लागतो. ज्याने शून्यातून संपत्ती निर्माण केली, हजारोंना रोजगार दिला, ज्याच्या वहीत जमेची बाजू नेहमी खर्चाहून मोठी राहिली, त्याच्या हाती एकदा राज्याची वही देऊन का पाहू नये, असा हा युक्तिवाद असतो. तो वरकरणी बिनतोड वाटतो. तथापि अशा युक्तिवादाची परीक्षा तर्काने होत नाही. ती अनुभवानेच होते.

कॅरिबियन समुद्रातील पोर्तो रिको या बेटाने असा अनुभव घेतलेला आहे. लुइस फेरे हे तेथील मोठे कारखानदार. १९६९ ते १९७३ या चार वर्षांत ते या बेटाचे गव्हर्नर होते. हा गव्हर्नर म्हणजे आपल्याकडील राज्यपाल नव्हे. तो थेट लोकांच्या मतांनी निवडला जातो आणि कारभाराची सर्व सूत्रे त्याच्याच हाती असतात. फेरे १९०४ मध्ये जन्मले आणि २००३ मध्ये, शंभरीला काही महिने उरले असताना, निधन पावले. बेटाच्या विसाव्या शतकातील आर्थिक इतिहासाचे बहुतेक सर्व टप्पे या एका आयुष्यात सामावलेले आहेत. म्हणूनच ते आयुष्य तपासून पाहण्याजोगे आहे.

बेटाचे स्थान

पोर्तो रिको आकाराने आपल्या सातारा किंवा सांगली जिल्ह्याएवढे आहे. चारशे वर्षे ते स्पेनच्या ताब्यात होते. १८९८ च्या युद्धानंतर ते अमेरिकेकडे आले. १९१७ मध्ये बेटवासीयांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले, परंतु ते अर्धेमुर्धे. बेटावर राहणाऱ्याला अमेरिकेच्या अध्यक्षाच्या निवडणुकीत मत देता येत नाही. वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात त्याचा एक प्रतिनिधी बसतो. तो बोलू शकतो, पण विधेयकावरील अंतिम मतदानात त्याला भाग घेता येत नाही. आपला गव्हर्नर स्वतः निवडण्याचा अधिकार बेटाला १९४८ मध्ये प्रथम वापरता आला. १९५२ मध्ये स्वतःची राज्यघटना आली, आणि अमेरिकेशी संलग्न पण अंतर्गत कारभारात स्वायत्त असा एक मधला दर्जा बेटाला मिळाला.

या मधल्या दर्जावर समाधान मानावे, स्वातंत्र्य मागावे, की अमेरिकेचे पूर्ण घटकराज्य व्हावे, या एका प्रश्नाभोवती तेथील सारे राजकारण फिरते. आपल्याकडील उजवे आणि डावे हे मापदंड तेथे फारसे उपयोगी पडत नाहीत. पक्ष ओळखायचा तो या तीन उत्तरांपैकी तो कोणते देतो यावरून. फेरे आयुष्यभर घटकराज्याचे पुरस्कर्ते राहिले.

ओतशाळेतून सिमेंटकडे

दक्षिण किनाऱ्यावरील पोन्से हे फेरे यांचे गाव. साखर कारखान्यांची यंत्रे दुरुस्त करणारी आणि सुटे भाग ओतून देणारी ओतशाळा हा घराण्याचा धंदा होता. त्या काळी बेट म्हणजे ऊस आणि ऊस म्हणजे बेट अशी स्थिती होती. ऊस चांगला पिकला की ओतशाळेला काम मिळे. साखरेचा भाव कोसळला की भट्टी थंड पडे. एका पिकावर जगणाऱ्या अर्थव्यवस्थेचा धोका या मुलाला कोणा प्राध्यापकाने शिकविण्याची गरज नव्हती.

वडिलांनी त्यांना अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेत पाठविले. १९२४ मध्ये पदवी आणि १९२५ मध्ये पदव्युत्तर पदवी घेऊन ते परतले. त्याच वास्तव्यात त्यांनी बॉस्टनमध्ये पियानोचे रीतसर शिक्षण घेतले आणि ते वाद्य अखेरपर्यंत सोडले नाही. यंत्र आणि संगीत यांचे हे सहजीवन पुढील आयुष्यातही दिसते.

१९४० च्या दशकाच्या आरंभी फेरे बंधूंनी पोन्से येथे सिमेंटचा कारखाना काढला. निवड अचूक होती. ज्या वस्तूचे वजन जास्त आणि किंमत कमी, ती समुद्रापलीकडून आणणे महाग पडते. अशा वस्तूचा स्थानिक उत्पादक वाहतूक खर्चाच्या तटबंदीआड सुरक्षित असतो. त्यातच पुढील दोन दशके बेटावर घरे, रस्ते, धरणे आणि कारखाने यांच्या बांधकामाची लाट आली. सिमेंट बनविणाऱ्यासाठी याहून अनुकूल काळ असू शकत नाही.

सरकारी कारखाने खाजगी हाती

ही लाट आणली ती मात्र फेरे यांच्या विरोधकांनी. लुइस मुन्योस मारिन हे त्या पिढीचे सर्वांत मोठे लोकनेते. १९४९ ते १९६५ अशी सोळा वर्षे ते गव्हर्नर होते. त्यांचे औद्योगिक सेनापती तेओदोरो मोस्कोसो हे पोन्सेच्याच एका औषधविक्रेत्या घराण्यातील. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या विकास महामंडळाची सूत्रे मोस्कोसोंकडे होती. त्यांचा पहिला प्रयोग सरकारी कारखान्यांचा होता. सिमेंट, काच, पुठ्ठा, मातीच्या वस्तू आणि पादत्राणे यांचे कारखाने सरकारने चालविले. सिमेंट सोडले तर बाकीचे तोट्यात गेले. कामगारांशी संघर्ष झाले. शासनच मालक असल्याने प्रत्येक संप राजकीय ठरू लागला.

अखेर १९५० मध्ये सरकारने सिमेंट, काच, पुठ्ठा आणि मातकाम हे कारखाने विकून टाकले. सुमारे एक कोटी डॉलर देऊन ते विकत घेतले फेरे कुटुंबाने. आपल्याकडे १९९१ नंतर निर्गुंतवणूक हा शब्द रूढ झाला. त्या बेटावर तो व्यवहार चाळीस वर्षे आधीच पार पडला होता. त्यातील एक गोष्ट अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विसरू नये. तोट्यातले कारखाने विकले जावेत म्हणून नफ्यातला सिमेंट कारखानाही सोबत द्यावा लागला. परिणामी बेटावरील दोन्ही सिमेंट कारखाने एकाच घराण्याच्या हाती आले. सरकारी मक्तेदारी संपली, पण मक्तेदारी संपली नाही.

त्याच सुमारास मोस्कोसोंनी दुसरा मार्ग धरला. १९४७ पासून करमाफीचे कायदे करून अमेरिकी कंपन्यांना बेटावर बोलावण्यात आले. या कंपन्यांना वॉशिंग्टनचा प्राप्तिकर नव्हता आणि काही वर्षे बेटाचाही नव्हता. मजुरी मुख्य भूमीपेक्षा स्वस्त आणि बाजारपेठ मात्र अमेरिकेची खुली. कारखाने भराभर आले. १९५६ मध्ये कारखानदारीचे उत्पन्न प्रथमच शेतीच्या पुढे गेले. जगभरचे अर्थतज्ज्ञ हा चमत्कार पाहण्यासाठी सान हुआनला येऊ लागले. मात्र त्याच १९५० च्या दशकात चार लाखांहून अधिक माणसे रोजगारासाठी बेट सोडून न्यूयॉर्क आणि अन्य शहरांकडे गेली. शेतीतून सुटलेल्या सर्वांना सामावून घेण्याइतके कारखाने नव्हते. आकडेवारीतील यशामागे विमानाच्या एकेरी तिकिटांचा हा हिशेब उभा आहे.

हिताविरुद्धचे राजकारण

फेरे यांच्या राजकारणातील कोडे येथेच आहे. या व्यवस्थेने ज्यांचे सर्वाधिक भले केले अशांपैकी ते एक होते. बेट घटकराज्य झाले असते तर वॉशिंग्टनचा कर लागू झाला असता. तो बाहेरच्या कंपन्यांप्रमाणेच त्यांच्या स्वतःच्या कंपन्यांनाही द्यावा लागला असता. तरीही ते घटकराज्यच मागत राहिले. उद्योगपतीचे राजकारण म्हणजे त्याच्या खिशाचे राजकारण, हे सोपे सूत्र येथे अपुरे पडते.

त्यांची भूमिका अशी होती की करमाफीवर उभा राहिलेला विकास हा उसनवारीचा आहे. सवलत देणारा उद्या ती काढून घेईल आणि त्याला जाब विचारण्यासाठी बेटाकडे एकही मत नसेल. समान नागरिकत्व मिळाल्याशिवाय भांडवलाला स्थैर्य नाही आणि श्रमिकाला न्याय नाही. त्याच वेळी घटकराज्य झाल्यावरही स्पॅनिश भाषा, गाणी आणि डोंगरातल्या शेतकऱ्याची संस्कृती टिकलीच पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. विरोधकांना हे परस्परविरोधी वाटे. अमेरिकेत सामील व्हायचे आणि अमेरिकन व्हायचे नाही, हे कसे शक्य आहे, असा त्यांचा प्रश्न असे. तो रास्तही होता.

फेरे १९५१-५२ च्या घटना परिषदेचे सदस्य होते. १९५६, १९६० आणि १९६४ अशा तीन निवडणुकांत गव्हर्नरपदासाठी उभे राहून ते हरले. जुलै १९६७ मध्ये बेटाच्या दर्जावर सार्वमत झाले. त्यांच्या पक्षाने त्यावर बहिष्कार टाकायचे ठरविले. फेरे यांनी तो मानला नाही. सुमारे ६० टक्के मते चालू व्यवस्थेला मिळाली, घटकराज्याला ३९ टक्के. हा पराभवच होता, पण ३९ टक्के हे भांडवल लहान नव्हते. महिनाभरात त्यांनी नवा पक्ष काढला. १९६८ मध्ये सत्ताधारी पक्षात फूट पडली आणि सुमारे ४४ टक्के मतांवर, चौथ्या प्रयत्नात, ६४ वर्षांचे फेरे निवडून आले. बदल हवा, हीच त्यांच्या प्रचाराची घोषणा होती.

चार वर्षांची राजवट

आपण विचारांनी क्रांतिकारक, उद्दिष्टांनी उदारमतवादी आणि पद्धतीने परंपरानिष्ठ आहोत, असे फेरे स्वतःविषयी सांगत. कारभारात त्याचे प्रत्यंतर थोडेफार आले. जून १९६९ च्या कायद्याने खाजगी मालकांना आपल्या कामगारांना नाताळचा बोनस देणे बंधनकारक झाले. कारखानदार गव्हर्नरने कारखानदारांवरच बोजा टाकला, आणि हा बोनस बेटाच्या कामगार कायद्यात कायमचा रुजला. सरकारी जागेवर वर्षानुवर्षे राहणाऱ्या गरीब कुटुंबांना त्या जागेचे मालकी हक्क देण्याचे काम त्यांच्या शासनाने हाती घेतले. १९७० च्या सार्वमताने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले.

परंतु राज्य म्हणजे कारखाना नव्हे हेही लौकरच स्पष्ट झाले. कारखान्यात मालकाचा शब्द अखेरचा असतो. येथे सिनेट विरोधकांच्या हाती होते. कारखान्यात न परवडणारा विभाग बंद करता येतो. राज्यात न परवडणारा माणूस कमी करता येत नाही. बेकारी दहा टक्क्यांच्या आसपास ठाण मांडून राहिली. १९७० आणि १९७१ मध्ये रिओ पिएद्रास येथील विद्यापीठाचा परिसर संघर्षाने पेटला आणि तेथे माणसे मेली. व्हिएतनाम युद्धाच्या काळात, अध्यक्षासाठी मत नसलेल्या तरुणांवर लष्करात भरतीची सक्ती होती, हे त्या असंतोषाचे एक कारण होते. याचे उत्तर गव्हर्नरच्या व्यवस्थापनकौशल्यात असणे शक्यच नव्हते. ज्या निर्णयाने विद्यार्थी पेटले होते तो निर्णय सान हुआनमध्ये झालाच नव्हता.

१९७२ च्या निवडणुकीत राफाएल एर्नांदेस कोलोन या तरुण प्रतिस्पर्ध्याने फेरे यांचा पराभव केला. फेरे यांची मते सुमारे ४३ टक्के, म्हणजे जवळजवळ पूर्वीइतकीच राहिली. फरक एवढाच की विरोधक आता एक झाले होते. पुढे १९७७ ते १९८१ ते सिनेटचे अध्यक्ष होते. १९९१ मध्ये अमेरिकेने त्यांना आपला सर्वोच्च नागरी सन्मान दिला. परंतु ज्या एका गोष्टीसाठी ते राजकारणात आले ती त्यांच्या हयातीत घडली नाही.

एका घरातील तीन वाटा

फेरे यांच्या घरातच त्यांच्या राजकारणाला मिळालेली दोन उत्तरे आहेत. धाकटी बहीण इसोलिना जोगीण झाली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलीन भागात टोळ्यांत वाया जाणाऱ्या मुलांमध्ये काम करून ती परतली आणि पोन्सेच्या किनाऱ्यावरील गरीब वस्तीत तिने शिक्षण आणि आरोग्याची केंद्रे उभी केली. १९९९ मध्ये तिलाही तोच सर्वोच्च सन्मान मिळाला. भावाने रोजगार निर्माण केला, तर त्या रोजगारापर्यंत जे पोहोचलेच नाहीत त्यांच्यासाठी बहीण झटली.

दुसरे उत्तर मुलीचे. १९७० मध्ये फेरे यांच्या पत्नीचे निधन झाले आणि गव्हर्नरच्या निवासस्थानातील यजमानीणबाईंची जबाबदारी मुलगी रोसारियोवर आली. पित्याची मुदत संपत आली त्या सुमारास, १९७२ मध्ये, याच मुलीने एक वाङ्मयीन नियतकालिक सुरू केले आणि उघडपणे बेटाच्या स्वातंत्र्याची बाजू घेतली. बेटावरील धनिक घराण्यांचे दांभिक जीवन हा तिच्या कथा-कादंबऱ्यांचा विषय झाला. पुढे १९९८ च्या सुमारास तिने आपले मत बदलले आणि घटकराज्याला पाठिंबा दिला. पिता आणि कन्या पंचवीस वर्षांनी एका मताचे झाले, यापेक्षा एवढी वर्षे ते एका घरात भिन्न मतांचे राहू शकले, हे मला अधिक मोलाचे वाटते.

आणि मग ते संग्रहालय. १९५९ मध्ये फेरे यांनी पोन्सेमध्ये कलासंग्रहालय काढले. १९६५ मध्ये ते एडवर्ड ड्युरेल स्टोन या वास्तुविशारदाने बांधलेल्या इमारतीत गेले. व्हिक्टोरियन काळातील चित्रे तेव्हा फॅशनबाह्य होती आणि स्वस्त मिळत. १९६३ मध्ये फेरे यांनी लंडनच्या एका दुकानातून लेटनचे ‘फ्लेमिंग जून’ हे नारिंगी वस्त्रातील निद्रिस्त स्त्रीचे चित्र अवघ्या २,००० पौंडांना घेतले. आज त्या चित्राची गणना त्या शतकातील सर्वांत परिचित चित्रांत होते. बाजार ज्याला टाकाऊ म्हणतो त्याचे मोल ओळखणे हा उद्योजकाचा खरा गुण. तो येथे नफ्यासाठी न वापरता गावासाठी वापरला गेला. राजधानीत नव्हे, पोन्सेसारख्या दुय्यम शहरात हे चित्र टांगले गेले, हेही लक्षणीय आहे.

हिशेब

आता फेरे यांच्या मूळ इशाऱ्याचे काय झाले ते पाहू. १९७३ च्या तेलसंकटाने दक्षिण किनाऱ्यावरील तेलशुद्धीकरणाचे स्वप्न मोडले. १९७६ मध्ये वॉशिंग्टनने करसवलतीची नवी तरतूद केली आणि औषध कंपन्यांनी बेटावर आपले कारखाने आणि नफे आणून ठेवले. तेव्हापासून बेटावर होणारे एकूण उत्पादन आणि बेटवासीयांच्या वाट्याला येणारे उत्पन्न यांतील दरी रुंदावत गेली. उत्पन्न उत्पादनाच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास उरले. वस्तू बेटावर बनतात, नफा बेटाबाहेर जातो, असा त्याचा सरळ अर्थ. १९९६ मध्ये वॉशिंग्टनने तीच सवलत दहा वर्षांत संपविण्याचा कायदा केला. बेटाला तो रोखता आला नाही, कारण रोखण्यासाठी मत नव्हते. सवलत २००६ मध्ये संपली आणि त्याच वर्षी बेटाची दीर्घ मंदी सुरू झाली.

कारखान्यांची जागा मग कर्जाने घेतली. बेटाच्या रोख्यांवरील व्याज अमेरिकेत सर्वत्र करमुक्त असल्याने ते सहज विकले जात. २०१५ मध्ये हे कर्ज सुमारे ७२ अब्ज डॉलरवर गेले आणि ते फेडणे अशक्य असल्याचे गव्हर्नरनेच जाहीर केले. २०१६ मध्ये वॉशिंग्टनने सात सदस्यांचे वित्तीय मंडळ नेमले. निर्वाचित सरकारचे अंदाजपत्रक मंजूर करण्याचा अधिकार या अनिर्वाचित मंडळाकडे गेला. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया या चक्रीवादळाने वीजव्यवस्था उद्ध्वस्त केली. मृतांचा अधिकृत अंदाज २,९७५ होता. २००० मध्ये ३८ लाख असलेली लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत ३३ लाखांच्याही खाली आली. त्याच वर्षीच्या सार्वमतात सुमारे ५२ टक्क्यांनी घटकराज्याला होकार दिला. तो बंधनकारक नव्हता आणि वॉशिंग्टनने त्यावर निर्णय घेतला नाही.

आणि फेरे घराण्याचा सिमेंट कारखाना? २००२ मध्ये, फेरे हयात असतानाच, तो मेक्सिकोच्या सेमेक्स या बहुराष्ट्रीय कंपनीने विकत घेतला. शासन, मग स्थानिक घराणे, मग परदेशी कंपनी असा हा प्रवास. साठ वर्षांत बेटाच्या अर्थव्यवस्थेने जो मार्ग चोखाळला त्याचे हे लहानसे प्रतिरूपच म्हणावे लागेल.

मग फेरे यशस्वी झाले की अयशस्वी? माझ्या मते त्यांचे निदान बरोबर होते. उसनवारीच्या विकासाविषयी त्यांनी दिलेला इशारा अक्षरशः खरा ठरला. त्यांनी सुचविलेला घटकराज्याचा उपाय योग्य होता की नाही, हे बेटवासीयांनी ठरवायचे आहे. प्रामाणिक माणसे त्याविषयी आजही भिन्न मते बाळगतात. पण आरंभीच्या समजुतीपुरते उत्तर मिळालेले आहे. कर्तबगार उद्योजक राज्यकर्ता झाला तर बोनस देऊ शकतो, जमिनीचे हक्क देऊ शकतो, संग्रहालय उभारू शकतो. हे थोडे नव्हे. मात्र ज्या वहीत शेवटची सही दुसऱ्याची असते ती वही कितीही कुशल हातात दिली तरी जमाखर्च जुळत नाही. राज्य कोण चालवितो हा प्रश्न महत्त्वाचा खरा, परंतु त्या राज्यात निर्णय घेण्याचा अधिकार कोणाकडे आहे हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. फेरे यांनी तो ओळखला होता आणि आयुष्यभर विचारलाही. त्याचे उत्तर देणे त्यांच्या हाती नव्हते, आणि बेटाच्याही नव्हते.